एकही पुस्तक न हरवणारे ग्रंथालय

नवे पुस्तक हाती आले की माझे एक सहकारी ते पहिल्या पानापासून कधीच वाचत नसत. अंगठ्याने मधलेच एखादे पान उघडायचे, चष्मा कपाळावर चढवायचा, पान नाकाशी न्यायचे आणि जरा वेळाने विचारायचे, "सर, यात चुकतं कोण?"

ऐकणाऱ्याला वाटे, हे छपाईतल्या चुका शोधत आहेत. तसे नव्हते. आम्ही दोघे उल्हासनगरच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात सॉफ्टवेअर बांधण्याच्या पद्धती शिकवत होतो. गिऱ्हाइकाची गरज कशी समजून घ्यावी, आराखडा कसा करावा, तपासणी कधी करावी, असा तो विषय. त्याच्या पाठ्यपुस्तकांत सगळेच शहाणे असतात. गिऱ्हाइकाला काय हवे ते नेमके ठाऊक असते, तो ते एकदाच सांगतो, ऐकणाऱ्याला ते तसेच कळते आणि शेवटी सगळे समाधानाने सह्या करतात.

"अशी माणसं मला अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुठे दिसली नाहीत," ते म्हणत. "नवशिक्या पोराला पहिल्याच पुस्तकात चूक भेटली पाहिजे. नाहीतर ती थेट नोकरीत भेटते, आणि त्याला वाटतं, जगात आपणच एक मूर्ख."

तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासापुरते, नेमलेले शिक्षक तुमच्याही पाहण्यात असतील. मी कायम नोकरीत होतो; त्यांची वर्षे मात्र त्यातच गेली होती. सकाळी उल्हासनगर, दुपारी अंबरनाथ, संध्याकाळी बदलापुरात खाजगी क्लास. डबा बहुधा शेअर रिक्षात उघडे. "माझे तीन संसार आहेत, सर," ते हसत सांगत, "आणि एकातही बसायला खुर्ची नाही." हसत सांगत म्हणून आम्हीही हसत असू. त्या हसण्याचा विचार आता मी वेगळ्या रीतीने करतो.

ते बदलापुरात मांजर्लीला, नदीजवळ, तळमजल्यावर राहत. मी तिथल्याच शिरगावचा, त्यामुळे कधी रविवारी जाणे होई. घरातली पुस्तकांची फळी छातीच्या उंचीवर ठोकलेली होती. पुराच्या पाण्याची रेघ तिच्याखाली भिंतीवर स्पष्ट दिसे. त्यांच्या पत्नी चहा देताना म्हणायच्या, "भाऊजी, यांनी पुस्तकं वर ठेवली आणि फ्रिज खाली."

आमच्या विभागप्रमुखांनी या विषयाचे प्राथमिक पाठ्यपुस्तक लिहिले. संस्थेने ते छापूनही टाकले आणि मग, नियम आहे म्हणून, त्याचे परीक्षण करायला दोघांची समिती नेमली. एक मी, दुसरे ते. "घर बांधून झालं, आता नकाशा पास करायला बसलोय आपण," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांचा आवाज हसरा नव्हता. त्याच सुमारास विभागात एक कायम पद निघाले होते. वयाची अट पाहता त्यांच्यासाठी ते शेवटचेच होते. आणि मुलाखतीला विभागप्रमुख बसणार होते.

पुस्तक त्यांनी नेहमीप्रमाणे मधूनच उघडले. बराच वेळ वाचत राहिले. पूर्ण पुस्तकात उदाहरण एकच होते, ग्रंथालयाचे.

"सर, हे ग्रंथालय पाहिलंत? यात एकही पुस्तक हरवत नाही. कोणी उशिरा आणत नाही. पान फाडत नाही. ग्रंथपालाला सर्दीसुद्धा होत नाही."

"प्राथमिक पुस्तक आहे," मी म्हणालो. "अशीच असतात ती."

"म्हणूनच तर."

अनुकूल अभिप्राय लिहायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. 'भाषा सोपी आहे' इतके लिहीत आणि थांबत. 'आकृत्या सुबक आहेत' लिहीत आणि खोडत. एका रविवारी त्यांच्या घरी गेलो, तर ते कागदासमोर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. एखाद्या शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"भाऊजी, तुम्ही तरी सांगा," त्यांच्या पत्नी दारातूनच म्हणाल्या. "सही करायला काय लागतं? दुसऱ्याचं पुस्तक आहे. त्याचं काय आपल्या रेशनकार्डावर नाव लावायचंय?"

"तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं की पुढच्या वर्षी तुम्ही कुठेच अर्ज करू शकणार नाही."

त्यांनी हात मांडीखालून काढले. मग माझ्याकडे पाहून इतक्या हळू आवाजात म्हणाले, की मला पुढे वाकावे लागले, "सर, मला खरंच 'चांगलं आहे' म्हणायचंय. म्हणता येईल असं काहीतरी करता येईल का?"

त्यातून जे निघाले ते त्यांच्यासारख्यालाच सुचावे. ते विभागप्रमुखांकडे गेले आणि म्हणाले, उदाहरण बदलून प्रकरणे मीच नव्याने लिहून देतो, नाव तुमचेच राहील, कुणाला कळणार नाही. विभागप्रमुख उदारपणे म्हणाले, "करा ना. घरचंच काम आहे." छापलेले गठ्ठे गोदामात थांबले. सुधारित मजकूर मंजूर झाला तर तो छापायचा, नाही तर तेच गठ्ठे मुलांना वाटायचे, असे ठरले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते रोज उल्हासनगरच्या एका जीन्सच्या दुकानात जाऊन बसत. ग्रंथालयाच्या जागी त्यांना ते दुकान आणायचे होते. एकदा मीही गेलो. त्यांनी बिलाचा एक छोटा प्रोग्राम करून आणला होता आणि सिंधी मालक पडद्यावर बोट आपटत होते.

"मास्टरजी, ये वो नहीं है."

"शेटजी, तुम्हीच असं सांगितलं होतं."

"बोला था वैसाच है. पर मेरे को ऐसा नहीं मांगता. देखो, आदमी तीस कमर ले गया. घर में बीवी बोली, पेट अंदर लो. नहीं गया. अब बत्तीस मांगता है. ये मैं इसमें किधर डालूँ?"

विकलेला माल बदलून देण्याची, शेटजींच्या भाषेत 'बदली'ची, सोय प्रोग्राममध्ये करायला ते विसरले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर पूर्वी पाहिला नव्हता. "सर," ते मला म्हणाले, "चुकलो! आता हे प्रकरण जमणार."

आणि जमले. त्या पुस्तकात मालक मत बदलत होते, शिकाऊ प्रोग्रामर चुकीचा प्रश्न विचारत होता, तपासणी उशिरा केल्याने सगळे पुन्हा करावे लागत होते. प्रत्येक पद्धत आधी कुणाच्या तरी चुकीतून येई आणि मग तिचे नाव कळे. आम्ही दोघांनी अभिप्रायावर सही केली. त्यांची सही ठळक होती.

मुलाखतीच्या समितीत मीही होतो. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी त्यांना विचारले, "आपलं प्रकाशित लेखन?"

"नाही."

"एखादं पाठ्यपुस्तक? संपादन?"

"नाही."

टेबलावर त्यांचेच, विभागप्रमुखांच्या नावाने छापलेले पुस्तक होते. विभागप्रमुख पेल्यातले पाणी पीत होते. मला राहवले नाही. मी म्हणालो, "या पुस्तकाचा बहुतेक मजकूर सरांनी लिहिला आहे."

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. पुरात वस्तू वर उचलताना माणूस जसा पाहतो, यातले काय वाचवता येईल, तसे.

"सरांचा गैरसमज झालाय," ते म्हणाले. "मी फक्त प्रुफं वाचली."

नंतर जिन्यात मी त्यांना गाठले. "का केलंत असं? एवढं एक 'हो' म्हणायचं होतं."

"म्हटलं असतं तर चौकशी लागली असती. पुस्तक मागे घेतलं असतं. मग गोदामातले गठ्ठे, सर. पोरांच्या हातात पुन्हा ते ग्रंथालय." त्यांनी कठडा धरला. "मला वाटलं होतं, दोन्ही वाचेल. पुस्तकही, नोकरीही. तुम्ही बोललात, आणि एकच निवडायला लागलं."

मी सत्य बोललो होतो. पण ते बोलण्याची परवानगी मी त्यांना विचारली नव्हती. मी त्यांच्यासाठी बोललो, की गप्प बसण्याचा त्रास मला सोसवला नाही म्हणून बोललो, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही.

पद दुसऱ्याला मिळाले. ते भरले गेल्याने त्यांच्या तासिकाही संपल्या. निरोपाला कुणी शाल आणली नाही, कारण तासिकेवरचा माणूस निवृत्त होत नसतो. त्याला फक्त नवे वेळापत्रक मिळत नाही.

या वर्षी वर्गात एक मुलगी उठून उभी राहिली. "सर, बुकमधलं हे चुकीचं आहे. दुकानदार येऊन सांगतो, इसमें बदली नहीं है. माझ्या पप्पांचं दुकान आहे ना, ते कधीच सांगणार नाहीत. कम्प्युटरवाल्याला बोलतील, सब बढिया है. आणि काउंटरखाली चिठ्ठ्या लिहीत बसतील."

वर्ग हसला. मला मात्र दुसरा तास घेता आला नाही.

ते आता उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका दुकानात बिलिंग पाहतात. मी गेलो तेव्हा गल्ल्यामागे उभे होते, बाकी तसेच, फक्त चष्मा नवा. मला पाहून बाहेर आले. मी त्या मुलीचे म्हणणे सांगितले. ते ऐकता ऐकता पुढे सरकले.

"काय म्हणाली? परत सांगा."

मी परत सांगितले.

"चिठ्ठ्या. काउंटरखाली." त्यांनी माझा दंड धरला. "म्हणजे तक्रारच येणार नाही, सर. आणि आपण समजणार, सगळं चाललंय. हे मला सुचायला हवं होतं. मुलगी कोण? नाव काय तिचं?"

मी नाव विचारले नव्हते.

"मास्टरजी!" आतून हाक आली. "सोफे का बिल निकालो, टेम्पो खड़ा है!"

त्यांनी माझा दंड सोडला. "उद्या विचाराल?" ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेले. यंत्रातून बिल निघू लागले. ते कागद धरून आपल्याच काउंटरखाली पाहत उभे राहिले, आणि टेम्पोवाला हात पुढे करून वाट पाहत असतानाही तो त्यांच्याच हातात राहिला.