बंद टाकीतली थुंकी

माझे बाबा बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर हमाल होते. सिमेंट, खत, सरकी... जी वॅगन लागेल ती. आई जिनिंगमध्ये झाडायला जायची आणि येताना डोक्यावर पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, भारा आणायची, त्यावर आमची चूल पेटायची. जुन्या वस्तीत एक खोली, वर टिनं, पुढे पडवी. त्या खोलीतून मी इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. हे मिरवायला सांगतोय असं कोणाला वाटलं तर वाटू द्या. मिरवतोच आहे.

बाबा खर्रा खायचे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो — सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत टाकून घोटघोट घोटतात, तो खर्रा. दिवसाला दहा-बारा पुड्या. त्याने भूक लागत नाही म्हणायचे. मी आठवीत असताना त्यांचं तोंड उघडेनासं झालं. आधी भाकरीचा घास जाईना, मग चमचा जाईना, मग गालाला आतून जखम. शेवटचं वर्ष ते पडवीत बाजेवर पडून असायचे आणि बाजेखाली दूध पावडरचा रिकामा डबा. त्यात थुंकायचे. आई डब्याच्या तळाला चुलीतली राख घालून ठेवायची, म्हणजे चिकटत नाही. रोज शाळेत जायच्या आधी तो डबा नालीत ओतून धुऊन आणायचं काम माझं. तपकिरी, तार धरणारं, राखेने करडं झालेलं काहीतरी... त्यात सुपारीचे तुकडे, कारण तसल्या तोंडातही ते खर्रा दाबायचेच... आणि एक गोडूस सडका वास. मी श्वास धरून ओतायचो. बाबा गेले त्या दिवशी मी रडलो, पण मनात आलेली पहिली गोष्ट खरी सांगतो — उद्यापासून डबा नाही.

भूत, बाधा, करणी या गोष्टींना आमच्या घरात जागा नाही. आम्ही बौद्ध माणसं. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. शेजारी कोणी अंगारा घेऊन आलं तर आई दारातूनच परत पाठवते. या पानावरचे असले अनुभव मी वाचायचो ते हसायला. तेव्हा माझ्यावरही हसायचा तुम्हाला हक्क आहे.

आता अजून घाण गोष्ट सांगतो. मीही खर्रा खात होतो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून. शिकलेला माणूस, ज्याने बाप मेला तेच गालात धरून. अकोल्याला एका बिल्डरकडे मी घरांची थ्रीडी चित्रं बनवतो — घर बांधायच्या आधी ते कसं दिसेल ते. आठवड्यातले तीन-चार दिवस अकोल्यात राहायचं, बाकी काम बडनेऱ्याच्या घरून. घरी आईला कळू नये म्हणून मी माझ्या खोलीत रिकाम्या पाण्याच्या बाटलीत थुंकायचो, झाकण लावायचो आणि स्टेशनकडे जाताना फेकून द्यायचो. दोन वर्षांपासून तिखट लागलं की तोंडात आग व्हायची. अमरावतीला दातांच्या डॉक्टरकडे गेलो तर तोंड किती उघडतं ते त्यांनी पट्टी लावून मोजलं. एकोणतीस मिलिमीटर. चाळीसच्या वर पाहिजे. म्हणाले, वडिलांचं तुम्ही स्वतःच फॉर्मवर लिहिलंय, मी वेगळं काय सांगू, आजच बंद करा. मी हो म्हणालो, जिना उतरलो आणि खालच्याच टपरीवर एक घोटून घेतला.

तो उन्हाळा कॉम्प्युटरचा होता. आमच्याकडे मे महिन्यात पंखा गरम हवा फेकतो, तिथे थ्रीडीचं काम म्हणजे मशीनचं मरण. ग्राफिक्स कार्ड तापून तासातासाला बंद पडायचं. अकोल्याला माझा मित्र रिजवान, त्याचं पार्ट्सचं दुकान आहे. तो म्हणाला, वॉटर कूलिंग करू. सोपं आहे — प्रोसेसर आणि कार्डाच्या डोक्यावर तांब्याचे ठोकळे बसतात, त्यातून पंप पाणी फिरवतो, पाणी उष्णता घेऊन रेडिएटरला जातं, थंड होऊन परत येतं. मध्ये एक पारदर्शक टाकी. सगळं बंद. बाहेरचं काही आत जात नाही, आतलं बाहेर येत नाही. कॅबिनेटची एक बाजू मी वेल्डिंगवाल्याकडून ग्राइंडरने कापून आणली, तिथे ॲक्रिलिक बसवलं आणि रेडिएटर बाहेर काढून थेट खिडकीतल्या कुलरच्या तोंडासमोर उभा केला. हे कुठल्याही व्हिडिओत नाही, हे वऱ्हाडी डोकं आहे. ब्याण्णव अंशांवर जाणारं कार्ड एकसष्टवर आलं. मी आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, एवढं पाणी अंगणातल्या झाडाले घातलं असतं तं आंबा लागला असता.

नवव्या दिवशी सकाळी टाकीतलं पाणी चहासारखं दिसलं.

मला आधी वाटलं, शेवाळ. किंवा तांबं आणि रेडिएटरच्या धातूचं काही रिॲक्शन. स्वस्त नळ्यांमधून पांढरट थर सुटतो, तोही माहीत होता. पण हे तपकिरी होतं आणि टाकीच्या तळाशी बारीक काहीतरी गोल फिरत होतं. मशीन बंद करून घमेल्यात पाणी सोडलं. सुपारी होती. कापलेली, चघळलेली, कडा मऊ झालेली. पाण्याला तार होती... बोटावर घेतलं तर लांबत गेलं. मी घमेलं नालीत उपडं केलं आणि तिथेच उलटी केली.

रिजवानला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन.

"अबे, पाणी भरलं का थुंकला बे त्याच्यात?"

त्याच्या दृष्टीने सरळ होतं. मशीनजवळ माझी थुंकीची बाटली असते, मी टाकी भरताना बाटली चुकलो. मीही तेच धरलं. दुसरं धरणार काय? स्वतःची लाज वाटली एवढंच. पण एक प्रश्न राहतच होता. भरल्या दिवसापासून आठ दिवस पाणी काचेसारखं होतं, मग नवव्या दिवशी कसं?

रविवारी रिजवान स्वतः बडनेऱ्याला आला. तो सुपारीसुद्धा खात नाही. येताना डिस्टिल्ड वॉटरचे दोन सीलबंद कॅन घेऊन आला. सगळं उघडून, ठोकळे ब्रशने घासून, तीन वेळा धुऊन त्याने स्वतःच्या हाताने भरलं. मला हात लावू दिला नाही. टाकीच्या झाकणावर टेप मारली आणि टेपवर पेनाने सही केली. वर टोमणा — आता याच्यात थुंकायचं असलं तर माही परवानगी लागते. सोमवारी मी एका बंगल्याचं लांब काम मशीनवर लावलं, खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकून अकोल्याला गेलो. मशीनचं तापमान मला मोबाईलवर दिसायचं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मोबाईल पाहिला. एकसष्टचं सत्तर. दहा मिनिटांत एक्क्याऐंशी. म्हणजे पाणी फिरत नव्हतं. मी मोबाईलवरूनच मशीन बंद केलं आणि मिळेल ती गाडी पकडली. बडनेऱ्याला उतरलो तेव्हा ऊन तसंच होतं, चार-साडेचार. कुलूप जसंच्या तसं. आई पडवीत तांदूळ निवडत होती. दार उघडलं तर खोलीत तो वास. गोडूस, सडका. सतरा-अठरा वर्षांत विसरलो होतो असं वाटायचं. एका श्वासात आठवी आठवली.

टेप शाबूत होती. सही शाबूत. टाकी खालपासून वरपर्यंत तपकिरी आणि तळाला बोटभर करडा गाळ.

टाकी काढून अंगणात आणली आणि घमेल्यात ओतली. आई वासानेच उठून आली. काही न विचारता उकिडवी बसली, गाळात बोटं घातली, अंगठ्यावर चोळली.

"राख हाये."

मी म्हणालो, धातू झिजतो, त्याचा थर असतो.

"मले नको शिकवू. जनमभर चूल पेटवली म्या. पऱ्हाटीची राख हाये हे."

आमच्याकडे गॅस येऊन पंधरा वर्षं झाली. घरात काय, आमच्या अख्ख्या गल्लीत आता चूल नाही. आईने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"आ कर."

मी म्हणालो काय लावलं हे.

"आ कर म्हणून राह्यली ना. मले आंधळी समजतं का तू? दोन वर्षं झाले, भाकर तुकडे करून खातं. तुह्या बापानं अशीच सुरू केली होती."

मी तोंड उघडलं. एकतीस वर्षांचा माणूस, अंगणात, शेजारची बाई गॅलरीतून पाहत असताना. आईने तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहिली, जशी बाबांना घालायची. दोनच गेली. दोनसुद्धा अडकत गेली. तिने बोटं काढली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"त्याईचा डबा तू धुतला. तुहा कोन धुईन?"

माझं लग्न नाही. आई पासष्टची. तिने घमेल्याकडे बोट केलं आणि आत निघून गेली.

मी ते घमेलं उचलून नालीवर नेलं. टाकी, नळ्या, ठोकळे, सगळं हाताने धुतलं, ब्रश घेतला नाही. ते बोटांच्या फटीत बसत होतं, नखात जात होतं. दोनदा उलटी झाली, धुणं थांबवलं नाही. बाबांचा डबा धुताना मला त्यांची घृणा वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी घृणा वाटली, आणि ती जास्त वाईट असते, तिच्यापासून नाक फिरवता येत नाही. खिशात एक पुडी होती. ती त्याच नालीत गेली.

रिजवान पुढच्या रविवारी आला. टेप त्याने उजेडाकडे धरून पाहिली, सही बोटाने चाचपली. टेप काढून परत लावली तर सही फाटते, हे त्यानेच मला भरताना सांगितलं होतं. मग म्हणाला, भाई, पाणी मी भरून देतो, पण हे कसं झालं ते मला विचारू नको. मी त्याला बाबांचं तोपर्यंत काहीच सांगितलेलं नव्हतं.

पाणी पुन्हा भरलं. तेच मशीन, त्याच नळ्या, तीच टाकी. आजही काचेसारखं स्वच्छ आहे. मधल्या काळात शेवाळाचा एक ठिपका नाही.

वाचकांपैकी कोणी केमिस्ट्रीवाला सांगेल की अमुक थर पडतो, तमुक विरघळतं. सांगा, मला ऐकायचंय. पण चघळलेली सुपारी आणि पऱ्हाटीची राख कुलूपबंद खोलीत, सही केलेल्या टेपखाली कशी गेली, ते कोणी सांगितलेलं नाही. मीही इंजिनिअर आहे, मलाही सांगता येत नाही. बाबा आले होते असं मी म्हणणार नाही. आईसुद्धा म्हणत नाही.

पहिले दोन महिने फार वाईट गेले. अकोल्यात टपरीसमोरून जाताना रस्ता बदलायचो, कामात चुका व्हायच्या. डॉक्टरांनी गालात इंजेक्शनं दिली. रोज सकाळी आरशासमोर लाकडी चमच्यांची चळत दातांत धरून तोंड ताणायचो, डोळ्यांतून पाणी यायचं. मागच्या महिन्यात त्यांनी पुन्हा पट्टी लावली. छत्तीस मिलिमीटर भरलं. खर्रा बंद करून मला एक वर्ष चार महिने झाले.