तिचं तिनं ठरवावं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी माझ्या मानसशास्त्राच्या सरांचे सांगतो. आमच्या घरात सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. पाथर्डीकडच्या खेड्यातून मी नगरच्या कॉलेजात आलो आणि तोंड उघडलं की वर्ग हसायचा. तिसऱ्याच महिन्यात कॉलेज सोडायचा अर्ज लिहून मी सरांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. "बसा," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला अहोजाहो करत होतं. तासभर मी बोललो, ते ऐकत राहिले. राहा म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मध्ये एकदाच म्हणाले, "म्हणजे इथं आपण कमी आहोत, असं तुम्हाला वाटतं." शेवटी अर्ज मीच फाडला.

पुढं त्यांनी ते सगळं वर्गात शिकवलं. कुणी म्हणतं, माणूस म्हणजे दडपलेल्या वासनांचं गाठोडं. कुणी म्हणतं, बक्षीस आणि शिक्षा यांवर चालणारं जनावर. मानवतावादी विचार म्हणतो, प्रत्येक माणसात वाढायची ओढ असतेच. त्याला विनाअट स्वीकारा, नीट ऐका, वाट तो स्वतः शोधतो. सल्ला देणं म्हणजे त्याचा निर्णय हिसकावून घेणं. मला हे पटवून द्यावं लागलं नाही. ते माझ्यावरच घडलं होतं.

बाहत्तरच्या दुष्काळात, बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, नाताळच्या सुट्टीत घरी गेलो तर धाकटी बहीण माहेरी आलेली. पाचवा महिना होता. तिला आणायला कुणी गेलं नव्हतं. ती एकटीच चालत आली होती. सासरचे तिला खडी फोडायच्या दुष्काळी कामावर नेत होते. हात हळू चालला की सासू तिच्यापुढची भाकरी उचलून ठेवायची. नवरा आईपुढं मान वर करत नव्हता.

बैल घोडेगावच्या बाजारात विकून टाकलेले, त्यामुळं गोठा रिकामा होता. तिथं मी तिला घेऊन बसलो. सरांसारखाच ऐकत राहिलो. मध्येच म्हणालो, "म्हणजे तिथं तुला सुरक्षित वाटत नाही."

ती हसली. "दादा, मंगाधरनं मी दुसरं काय सांगतीय?"

पण बोलून झाल्यावर तिचा उतरलेला चेहरा जरा खुलला. म्हणाली, "लई दिवसांनी कुनी ऐकलं." त्या रात्री ती पोटभर जेवली. मला वाटलं, विद्या कामी आली.

तिसऱ्या दिवशी तिचा सासरा आणि दीर न्यायला आले. ओसरीवर बिनदुधाचा चहा झाला. सासरा वडिलांना म्हणाला, "पाव्हणं, सून धाडा. सातवा लागला की आनून घालतो."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. "ह्यो सांगंल. शिकल्याला हाय."

"सांगा की, सायेब," दीर म्हणाला. "खडी फोडून पोर टनक निघतं, आसं लिव्हलंय का तुमच्या पुस्तकात?" बापलेक दोघंही हसले.

आमच्याकडं सून सासऱ्यापुढं नाही म्हणत नाही. तिचं 'नाही' माहेरच्या पुरुषानं म्हणायचं असतं. 'आमी न्हाई धाडत,' एवढंच. मग शिवीगाळ होते, पाहुणे रागानं उठून जातात आणि मुलगी राहते. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तरी मी बहिणीला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तिचं तिनं ठरवावं. तुला काय वाटतं? तू म्हणशील ते आम्हाला मान्य आहे."

ती चौकटीला धरून उभी होती. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जाते."

"आयकलं का?" सासरा म्हणाला. "भावापरीस शानी हाय."

ती गेली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हे इथं लिहिलं पाहिजे. मला अभिमान वाटला. निर्णय तिनं स्वतः घेतला, असं मी वहीत लिहून ठेवलं.

सातवा लागता लागता खडीच्या ढिगाजवळच ती बाळंत झाली. मूल मेलेलं होतं. चौथ्या दिवशी सासऱ्यानं तिला बैलगाडीतून आमच्या दारात उतरवलं. वडिलांना म्हणाला, "सातव्याला आनून घालतो म्हनलो हुतो. घातली."

निरोप मिळताच मी आलो. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी म्हणालो, "मी तुझा मान ठेवायला विचारलं होतं गं."

"मामंजी म्होरं बसलं हुतं," ती म्हणाली. "त्यांच्यापुढं मी काय म्हननार हुते? तुला ठाव न्हवतं?"

"ठाऊक होतं," मी म्हणालो.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या महिन्यात परीक्षेत प्रश्न आला: मानवतावादी दृष्टिकोनाची बलस्थाने व मर्यादा लिहा. 'व्यक्तीच्या सामाजिक परिस्थितीचा पुरेसा विचार केलेला नाही,' ही मर्यादा मला वर्षभरापासून पाठ होती. मी ती सुवाच्य अक्षरात लिहिली. त्या पेपरला वर्गात सर्वांत जास्त गुण मला मिळाले. सरांनी अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. त्याला मी हे उत्तर लिहिलं:

आदरणीय सरांना, साष्टांग नमस्कार.

कार्ड मिळालं. तुमच्याकडून शिकलो ते मी माझ्या बहिणीवर वापरलं आणि तिचं मूल गेलं. दोष तुमचा नाही. तुम्ही शिकवलं ते खोटंही नाही. मी ऐकलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं, आणि म्हणूनच ती माझ्यावर विसंबली. तुमच्या खोलीत माझ्यापुढं दोन वाटा होत्या, म्हणून मला निवडता आलं. तिच्यापुढं एकही नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मी तिला 'निवड' म्हणालो.

परवा तिचा सासरा पुन्हा न्यायला आला होता. ती आत होती. मी तिला विचारलं नाही. आम्ही धाडत नाही, असं सांगितलं. त्यानं आईवरून शिव्या दिल्या, वडिलांनी खाली बघितलं, पण ती राहिली आहे.

सर, तिला आता खरोखर राहायचं आहे का, हे मला माहीत नाही. विचारलं तर मी पुन्हा अंग काढून घेतोय असं तिला वाटेल, अशी भीती वाटते.

आपला विद्यार्थी