हाक मारा, ओ येईल

येसूदादा पेंटर भिंतीला ब्रश लावण्याआधी सगळा मजकूर मोठ्यानं वाचायचा आणि ज्याचा मजकूर असेल त्याला विचारायचा, "हे खरं हाय ना?" लग्नाचं स्वागत असो, खताची जाहिरात असो, की देवळावरची देणगीदारांची नावं असोत. लोक हसायचे. आळेफाट्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं त्याला 'शुद्ध शाकाहारी' लिहायला बोलावलं होतं. येसूदादा पाणी प्यायच्या निमित्तानं भटारखान्यात डोकावून आला, तर तिथं अंड्यांचे ट्रे. त्यानं 'शाकाहारी' एवढंच लिहिलं आणि अलीकडची जागा मोकळी सोडली. मालक चिडला, तर हा शांतपणे म्हणाला, "शुद्ध बाकी हाय. अंडी हलली की सांगा, येऊन लिवतो."

त्याचं पूर्ण नाव यशवंत साळवे. ओतूरच्या एसटी स्टँडमागं त्याची पत्र्याची खोली होती, आणि खोलीपेक्षा रंगाचे डबेच जास्त. कानामागं पेन्सिल, खिशात निळीत भिजवलेली दोरी. ती भिंतीवर ताणून टचकन सोडली की सरळ रेघ उमटायची. काम संपलं की उजव्या कोपऱ्यात खाली 'यशवंत, ओतूर' अशी सही. मोठ्या कंपन्यांना ही सही नको असायची. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "खाली नाव नसलं की ते निनावी पत्र. आन् निनावी पत्र चांगला माणूस लिवत न्हाई."

माझं नारायणगावात एसटीडी बूथ होतं. मोबाइल आले तसं बूथ बसलं आणि मी एका मोठ्या कंपनीची एजन्सी घेतली. हँडसेट त्यांचा, कार्डही त्यांचंच. पुण्याच्या एका हॉटेलात आम्हा एजंटांची मीटिंग झाली, तेव्हा कंपनीच्या साहेबानं पडद्यावर रेंजचा नकाशा दाखवला होता. सगळा जिल्हा एकाच रंगात रंगवलेला, त्यात सह्याद्रीचे कडेसुद्धा. जेवण चांगलं होतं. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही.

जुन्नर आणि आंबेगावातल्या भिंती रंगवायचं काम मी येसूदादाला दिलं. त्यानं कागद हातात घेऊन वाचलं, "तुम्ही हाक मारा, आम्ही ओ देऊ." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "हे खरं हाय ना, भाऊ?"

मी हो म्हणालो. नारायणगावच्या चौकात ते खरंच होतं. ओतूरच्या पुढं फोन घेऊन मी कधी गेलो नव्हतो.

त्या उन्हाळ्यात त्यानं पार डोंगराच्या पोटातल्या वाड्यांपर्यंत भिंती रंगवल्या. फोन खपले. मग लोक परत येऊ लागले. बॅटरी संध्याकाळ गाठत नव्हती. जाहिरातीत 'आपल्या मराठीत' म्हटलं होतं, पण कुणी मराठीत निरोप पाठवला की पडद्यावर नुसते चौकोन दिसायचे. दुरुस्तीला पुण्याला पाठवलेला फोन दुसऱ्याच कुणाचं मागचं झाकण लावून परत यायचा. आणि डोंगराकडच्या वाड्यांत तर रेंजच नव्हती. कंपनीचा नंबर फिरवला की गोड आवाजाची एक मुलगी हिंदीत थांबायला सांगायची, मग गाणं लागायचं.

लोक माझ्याकडं कमी आले. ते येसूदादाकडं गेले. भिंतीवर कंपनीचं नाव फुटाफुटाच्या अक्षरात होतं, पण ज्या नावाचं दार वाजवता येईल असं भिंतीवर एकच नाव होतं, कोपऱ्यातलं. बाजारच्या दिवशी लोक त्याला लांबून हाक मारायचे, "येसूदादा!" तो सवयीनं "ओ" म्हणायचा, की सगळे हसायचे. "बगा राव, ह्यो तरी ओ देतो." तोही हसायचा, पण नंतर नंतर बाजारच्या दिवशी तो खोलीतच थांबू लागला.

मढच्या पुढं, धरणाच्या मागं एका वाडीत हौसाबाई नावाची एक म्हातारी होती. तिचा मुलगा भोसरीला कारखान्यात. त्यानं आईला फोन घेऊन दिला होता आणि रविवारी फोन करीन म्हणाला होता. येसूदादा त्या वाडीतल्या शाळेवर सुविचार लिहायला गेला, तेव्हा ही बाई त्यानंच रंगवलेल्या जाहिरातीच्या भिंतीला टेकून उन्हात बसलेली, मांडीवर फोन. त्यानं विचारलं, इथं का बसलात. ती म्हणाली, "इथंच लिवलंय ना बाबा. एसटी बी पाटी आसंल तिथंच थांबती."

हे मला सांगताना तो हसला नाही. मी हसलो होतो.

हसलो एवढंच नाही, ती गोष्ट मी कंपनीच्या जाहिरात खात्यातल्या माणसाला गंमत म्हणून सांगितली. त्याला ती भलतीच आवडली. आठवड्याभरात पुण्याहून फोटोवाले आले. मीच त्यांना वाडीवर घेऊन गेलो. हौसाबाईला भिंतीखाली बसवलं, फोन कानाला लावायला सांगितला, आणि हसा म्हणालो. फोन मुका होता. ती बिचारी पाहुण्यांचा मान ठेवून हसली. पुढच्या महिन्यात ओतूरच्या, नारायणगावच्या स्टँडवर तिचं पोस्टर लागलं. 'डोंगरातही ओ!'

येसूदादानं तिला बाजाराला आलेली असताना ते दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं. मग त्याला विचारलं, "मी कुणाशी बोलतीया ह्यात?"

दुसऱ्या दिवशी तो चुन्याचा डबा घेऊन वाडीवर गेला. मला कळलं तसा मी स्कूटर काढून मागं गेलो. अर्धी भिंत पांढरी झाली होती. मी त्याला समजावलं, की भिंतीचा करार आहे, कंपनी माझी एजन्सी काढून घेईल, आणि हे तुझं काम नाही. तो कुंचला फिरवत राहिला. शेवटी वळून एवढंच म्हणाला, "भाऊ, तुमी हो म्हणला व्हता. म्या तुमच्या शब्दावर लिवलं, लोकांनी माझ्या नावावर वाचलं. आता तुमी सांगा, हे कुणी पुसायचं?" डब्यात दुसरा कुंचला होता. मी तो उचलला नाही. पायरीवर बसून राहिलो आणि दुकानात किती हँडसेट पडून आहेत याचाच विचार करत राहिलो.

भिंत पुसून झाली तरी हौसाबाईचा प्रश्न सुटला नव्हता. आता बसू कुठं, असं ती विचारत होती. वाडीवरच्या टेकाडाच्या माथ्यावर, एका कातळापाशी रेंज येते हे येसूदादानं फोन हातात धरून हिंडून शोधून काढलं. पण तिचे गुडघे तिथवर जाणारे नव्हते. मग दर रविवारी सकाळच्या एसटीनं तो वाडीवर जायचा, तिचा फोन घेऊन टेकाड चढायचा, पोराशी बोलायचा आणि खाली येऊन तिला सगळं सांगायचा. काय जेवला, खोकला राहिला का, कारखान्यात पाळी कुठली आहे. पोराच्या शब्दांत, त्यात आपलं काही न घालता. सांगून झालं की ती विचारायची, "आजून काय म्हनला?" आणि हा आठवून आठवून शेवटचं 'बरं ठेवतो' सुद्धा सांगायचा. लोक म्हणायचे, पेंटर खुळावलाय. तो म्हणायचा, "लिवलं व्हतं ना ओ येईल. मंग कुणी तरी द्याया पायजे."

कंपनीनं माझी एजन्सी काढली नाही. त्यांनी आणखी भिंती रंगवल्या, पुढं फ्लेक्स आले, पेंटर लागेनासे झाले. येसूदादाची कामं सुटत गेली. आमचं बोलणं मात्र सुटलं नाही. येता-जाता तो माझ्या दुकानात टेकायचा, चहा घ्यायचा. मीच त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नसे.

एका रविवारी संध्याकाळी तो आला आणि बाकावर बसला. चहा बाजूला सारला. मग म्हणाला, "भाऊ, आज म्या बी जाहिरात केली."

कारखान्यानं कामगार कमी केले होते. पोराचंही काम गेलं होतं, हातात पैसे नसल्यानं दिवाळीला येणं जमणार नव्हतं आणि फोनवर तो रडला होता. टेकाड उतरताना येसूदादानं काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. खाली आला, म्हातारी उठून उभी राहिली, आणि याच्या तोंडून निघून गेलं, "बरा हाय. दिवाळीला येतो म्हनला."

"आयुष्यात पयल्यांदा," तो म्हणाला. "आन् लई सोपं गेलं, भाऊ."

मला त्याला धीर द्यायचा होता. मी म्हणालो, तिच्या सुखासाठीच केलंस ना, कंपनीचं वेगळं आणि तुझं वेगळं. त्यानं मान हलवली. "त्यांचा साहेब बी आसंच म्हनत आसंल."

पुढच्या रविवारी तो गेला आणि टेकाड चढायच्या आधीच त्यानं तिला खरं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठावं व्हतं. तवा उतरताना तुमी खाली बगत व्हता." मग तिनं पदरातल्या शेंगा त्याच्या ओंजळीत घातल्या आणि म्हणाली, "आता जावा वर. वाट बगत आसंल पोरगं."

हे सगळं त्यानंच मला सांगितलं. दोन पावसाळ्यांनी तो काविळीनं गेला. तोवर त्याचं टेकाड चढणं चालूच होतं. मातीला आलेल्यांत मढकडचे बरेच लोक होते. त्यांच्यात हौसाबाईचा मुलगाही होता. पोस्टरसाठी फोटोवाल्यांना वाडीवर नेणारा तो मीच, हे त्याला कुणी तरी दाखवून दिलं होतं. म्हणाला, "मामा, मी आज भोसरीला माघारी चाललोय. परवा रविवार हाय. आईला सांगायला कोण जाईल?"

आजूबाजूला माणसं होती. मी जातो म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "खरं ना?"