डबा रिकामा आला तर

आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई धोंडुबाई, देवाच्या प्रसादाचासुद्धा आधी वास घेतात आणि मग तोंडात टाकतात. संशयी म्हणावं तरी किती! दूधवाल्यावर संशय, कंडक्टरवर संशय, माझ्यावर तर हळदीच्या दिवसापासून. पण मदत वाटणाऱ्यांवर त्यांचा जो राग आहे त्याला कारण आहे, खोटं कशाला बोलू?

२०१९ च्या महापुरात आमचं शिरोळकडचं गाव पाण्यात गेलं. आम्ही सगळे जयसिंगपूरच्या एका शाळेत. तिथं कुणी पुढारी आला, आत्तींच्या हातात ब्लँकेट दिलं, हसायला लावून फोटो काढला आणि तेच ब्लँकेट ओढून शेजारणीच्या हातात दिलं. आता तिचा फोटो! मुडदा बशिवला त्याचा. दुसऱ्या दिवशी मात्र एक अनोळखी बाई चपात्या-चटणीनं भरलेला स्टीलचा डबा आत्तींच्या हातात ठेवून गर्दीत निघून गेली. नाव नाही, गाव नाही. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि इथं भरून द्यायचं तरी कुणाला? डबा फळीवर बसला. त्यात मीठ ठेवायलासुद्धा मला बंदी. "दुसऱ्याचं भांडं हाय ते," एवढंच.

मध्ये फरहीन सुट्टीला आली. गावातल्या मीरासाब टेलरची पोरगी, नर्स आहे. आफ्रिकेत मोझांबिक म्हणून देश आहे, तिथं वादळ झालं, पूर आला, की तिची संस्था छावण्या उघडते. तिनं मोबाइलवर फोटो दाखवले. आत्तींनी चष्मा लावला.

"ही बाई हसत्या कशाला गं? घर गेलंय न्हवं हिचं?"

"फोटोला हसतात की, मावशी."

"व्हय. मला बी हसाय लावलं हुतं."

तरी दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू वळले, तोच डबा गच्च भरला आणि फरहीनपुढं आदळला. "त्या हसणाऱ्या बाईला दे. फोटो नगं मला, फोटोत काय बी दिसतंय. डबा आणून दाव. आन् रिकामा आणलास तर लाडू इमानातच संपलं म्हणून समजीन."

"आत्ती, त्या बाईला आपली रीत काय माहीत?" मी म्हटलं.

"मग कळंल की."

काय बोलावं या बाईशी! पण मला भीती वाटत होती. हा डबा बुडाला तर आत्ती पुन्हा कुणाच्या हातात काही ठेवणार नव्हत्या.

मग रोज मीरासाबचाचांच्या दुकानापुढं फेरी. "लाडू पचलं का पोरीला?" चाचा बिचारे मशीनवरून मान वर करायचे नाहीत.

दिवाळीच्या सुमारास फरहीन आली. डबा जड होता. आत्तींनी झाकण काढलं. आत भुईमुगाच्या शेंगा.

"मी डबा मागितला तर ती थांब म्हणाली, आत जाऊन भरून आणला," फरहीन म्हणाली. "रीतीचं मी काय बोलले न्हवते, मावशी."

"व्हय, व्हय. जयसिंगपूरच्या बाजारात बी मिळत्यात शेंगा."

पोरीचा चेहरा एवढासा झाला. मला आत्तींची अशी चीड आली, काय सांगू!

आत्तींनी शेंगा परातीत ओतल्या. टरफलं काळवंडलेली, वर राखाडी गाळ चिकटलेला. एक फोडली. दाणा बारका, सुरकुतलेला. सवयीनं नाकाशी नेला आणि तिथंच थांबल्या. मलाही वास आला. पाणी ओसरल्यावर आम्ही आमच्या रानातल्या शेंगा उपटून आणल्या, तेव्हा घरभर हाच वास भरला होता.

"बाजारातनं आणल्या असत्यास तर बऱ्या आणल्या असत्यास," आत्ती हळूच म्हणाल्या. "ह्या पुरातल्या हाईत. उरल्यालं हुतं तेवढं बी दिलं गं तिनं."

आणि रडायला लागल्या. घर पडलं तेव्हासुद्धा त्या रडल्या नव्हत्या. तो कडू दाणा त्यांनी तोंडात टाकला आणि नीट चावून खाल्ला.

मग उठल्या, डबा घासला, पदरानं पुसला.

"परत कवा जाणार हाईस?"

"अजून ठरलं न्हाय, मावशी."

"आदल्या दिवशी सांग." मग माझ्याकडं वळल्या. "क्रांती, गूळ हाय न्हवं घरात?"