सुलाआत्याच्या खोलीतली खुंटी

सुलाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत वर्गावर होते. फुप्फुसाचा कॅन्सर, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरी इस्लामपूरच्या पुढं तिच्या गावी पोचेपर्यंत डोळे सारखे भरून येत होते… पोचल्यावर मात्र जे कानावर पडलं, त्यानं रडू आटलंच. दारातल्या बाया कुजबुजत होत्या, "मिश्री लय लावायची म्हनं." आत्यानं जन्मात तंबाखूला बोट लावलं नाही. कडुनिंबाच्या काडीनं दात घासायची ती. मेलेल्या बाईला बोल लावायला कुणाचं काय जातं!

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. भांगलणीत तिची पात कायम सगळ्यांच्या पुढं. सुट्टीत मी तिच्याकडेच असायची. ती मधल्या खोलीत झोपायची. दगडी भिंती, मातीची जमीन, खिडकी नाही. बियाणं तिथंच ठेवलेलं, म्हणून उंदरांच्या भीतीनं दार कायम बंद. "बी राखायचं तर राखनदार नगं व्हय गं?" असं म्हणून हसायची.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तीन वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात रेडॉनबद्दल ऐकलं. जमिनीतून, दगडातून वर येणारा वायू. ना रंग, ना वास. कोंदट खोलीत साचतो, आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. मला आत्याची खोलीच आठवली. तपासणीची डबी मागवली, आतेभाऊ तानाजीच्या हातात दिली आणि बजावलं, आत्याच्या खोलीत टांग, तीन महिने हलवू नकोस, दार रोजच्यासारखं लावत जा. प्रयोगशाळेचा कागद आला, धोका नाही. मी आत्याला फोनवर सांगितलं, "झोप आता निवांत." हे माझेच शब्द.

तेराव्याला पुढच्या उघड्या सोप्यात बसले होते. सहज वर पाहिलं तर तुळईला डबीची पांढरी दोरी लोंबत होती. आत्याच्या खोलीत नाही, सोप्यात. तानाजीला धरलं. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, तवा आमच्या पूजाला बघायला पावनं येत हुतं. आत टांगली आन् आकडा वाढीव आला असता तर? इषारी घर म्हनून बोभाटा झाला असता. पोरीला कोन करून घेनार हुतं?"

म्हणजे वारं खेळणाऱ्या सोप्याची तपासणी झाली. पाहुण्यांना बसवायच्या जागेची! आणि त्या पाहुण्यांनी तेव्हा नकारच कळवला होता. त्या वायूनंच आत्या गेली असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. कदाचित खोलीत काहीच नसेल. पण ते कळायला हवं होतं. भिंतीला एक खिडकी पाडायला किती वेळ लागतो? तानाजीचा संताप येतोच, त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. सांगलीहून येऊन मला एक दोरी बांधता आली नाही.

गेल्या रविवारी दुसरी डबी घेऊन गेले. आत्याचं दार ढकललं. खुंटीवर तिची शाल तशीच होती… आणि खाली पूजाचं अंथरूण, उशाला भरतीच्या परीक्षेची पुस्तकं. "आज्जीची खोली आता माजी," ती म्हणाली. "दार लावलं की लय शांत हाय, आत्ती."

मी ते अंथरूण गुंडाळलं आणि सोप्यात नेऊन टाकलं. तानाजी आडवा आला, "ताई, हितं? पावनं आलं तर…"

"बसतील अंथरुणावर!" मी ओरडले.

मग आत गेले. शाल खांद्यावर घेतली, रिकाम्या खुंटीला डबी अडकवली आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं. आत्या लावायची तसंच, घट्ट.