किनुएची बोटं

आमच्या ओनो गावात घरटी कुणी ना कुणी सोरोबानचे मणी घडवतं, पण किनुएसारखी बोटं कुणाचीच नाहीत. पोरांना ती या मण्यांच्या पाटीवर हिशेब शिकवते, आणि पाटी समोर नसली तरी तिची बोटं थांबत नाहीत. आकडा कानावर पडला की मांडीवर टकटक सुरू! त्यापायी तीन स्थळं मोडली. पाहायला आलेल्यांना वाटायचं, पोरगी आत्तापासूनच आमचे दोष मोजतेय.

लग्नं जुळवायचं काम माझं, म्हणजे बोलणी खायचं कामही माझंच. या खेपेला स्थळ होतं काकोगावा स्टेशनातल्या तिकीट कारकुनाचं, यासुहेईचं. किनुएला तो मनापासून आवडलेला. कुठं जायचं नसलं तरी स्टेशनवर जायची बया!

“मावशी, हे मोडलं तर मी नाही हो पुन्हा कुणापुढे बसणार.” डोळे भरलेले.

“मग बोटं गप ठेव! हा रुमाल धर, घट्ट.”

पाहुणे माझ्याच घरी आले. मुलाची आई भारी कडक. “आमच्याकडे चुळबुळ चालत नाही,” बसता बसताच म्हणाली.

“छे हो, गाय आहे गाय!” मी ठोकून दिलं.

चहा पिऊन मुलाचे आजोबा खुशीत आले. “आमच्या घरात चारच माणसं, पोरी. मी एक्याऐंशीचा, मुलगा सत्तावन्न, ही सूनबाई त्रेपन्न, नातू एकोणतीस...”

मेला रुमाल गळून पडला! बोटं सुरू. आईच्या भुवया वर चढल्या. झालं, म्हटलं, चौथंही गेलं.

आणि पाहते तर काय, यासुहेईचीही बोटं गुडघ्यावर नाचताहेत!

आजोबा खदखदून हसले. “सांगा तर मग, सगळे मिळून किती?”

“दोनशे वीस,” यासुहेई म्हणाला.

“दोनशे चव्वेचाळीस,” किनुए त्याच क्षणी म्हणाली.

“चुकल्या की मास्तरीणबाई!” मुलाची आई म्हणाली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. या पोरीची बेरीज जन्मात कधी चुकली नव्हती. किनुए तर मान वर करेना.

यासुहेईची बोटं पुन्हा हलली, आणि त्याचे कान लाल झाले. “आई, चुकली नाही ती. तिचं वय चोवीस. तिनं स्वतःलाही धरलंय.”

आईनं रुमाल उचलून किनुएच्या हातात दिला. “धरलंस ते बरंच केलंस. पण माझ्या सासऱ्यांचं ऐकू नकोस, मी त्रेपन्नची नाही, बावन्नची. कर पुन्हा बेरीज.”