मावशींच्या गाडीतली फ्रेंच गाणी

“तुम्ही कामावरून येताना दमता. मी जातानाच दमते,” असं म्हणून मावशी गाडी सुरू करायच्या आणि सीडी प्लेअरवर तळहाताने एक थाप मारायच्या. थापेशिवाय तो वाजत नसे.

वॉन गावातल्या एका वेअरहाउसमध्ये आम्ही औषधांची खोकी भरायचो. मावशी मूळच्या रेवदंड्याच्या ज्यू, घरात मराठीच. शनिवारी त्यांच्या धर्मात काम करत नाहीत, म्हणून त्या दिवसाचा ओव्हरटाइम त्यांनी कधी घेतला नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील: गुडघे गेलेले, तरी सगळ्यांना राइड देणारी.

सीडी एकच. एका फ्रेंच गायकाचा अगदी सुरुवातीचा अल्बम. गाणी त्याचीच, पियानोही त्याचाच. मावशी पूर्वी मॉन्ट्रियलला होत्या, तेव्हा यजमानांनी आणलेला. यजमान रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचे आणि सुटीच्या दिवशी फ्रेंचच्या क्लासला जायचे. ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

“हे समुद्राचं गाणं हं,” मावशी सांगायच्या. “नवऱ्याने होडी विकली, म्हणून बायको रुसलीय.” प्रत्येक गाण्याचा अर्थ यजमानांनी त्यांना समजावला होता. आम्ही पेंगत ऐकायचो.

मग मॉन्ट्रियलला वाढलेली, फ्रेंच शाळेत शिकलेली एक मराठी मुलगी आमच्याबरोबर येऊ लागली. पहिल्याच सकाळी ती म्हणाली, “मावशी, ॲक्च्युअली यात समुद्र नाहीये. तो लिफ्टमध्ये अडकलाय.”

मी हसले. मावशी हसल्या नाहीत.

“आणि हे पुढचं?”

“ते त्याच्या डॉगबद्दल आहे. सॉरी.”

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मावशींनी प्लेअर बंद केला. “म्हणजे यांना फ्रेंच येतच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मग क्लासला म्हणून कुठे जायचे गं?”

त्यानंतर कितीतरी दिवस गाडीत फक्त हीटरचा आवाज. मावशी एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. त्या मुलीला बोलल्याचा पश्चात्ताप झाला होता, पण बोलून झालं होतं.

एका सकाळी बर्फामुळे ट्रॅफिक तुंबलं होतं. मावशींनी थाप मारली. “सांग. सगळी सांग.”

ती एकेक सांगत गेली. एकही अर्थ जुळेना. शेवटच्या गाण्याला तिने विचारलं, “हे कशाचं म्हणाले होते काका?”

“बशांचं. ढीगभर बशा, साबण, कढत पाणी. हात पोळतात, तरी तो गातो.”

“मावशी, हे करेक्ट आहे. एक्झॅक्टली हेच आहे.”

वेअरहाउसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून त्या तशाच बसून राहिल्या. “हेच शब्द कामावर कानावर पडत असणार,” त्या हळूच म्हणाल्या. “क्लासमध्ये झोपत असतील हे. इतकं राबून बाकावर टेकला, की कुठलाही माणूस झोपेल. मला सांगायला लाजले असतील.”

त्या दिवशी आम्ही तिघींनीही हजेरीचं कार्ड उशिरा पंच केलं.

उन्हाळ्यात मावशींनी काम सोडलं. पुढच्या जानेवारीत त्या गेल्या. ज्यू रिवाजाप्रमाणे दफन लगेच होतं, सुपरवायझरने जेमतेम अर्धा दिवस सोडलं. ती मुलगी आणि मी कामावरचे सेफ्टी शूज घालूनच गेलो. त्यांच्या मुलाने फावडं मातीत रोवून ठेवलं, कारण त्यांच्यात ते हातोहात देत नाहीत; ते मी उपसलं. माती गोठलेली, ढेकळं शवपेटीच्या लाकडावर जोरात वाजली. मुलाशी दोन शब्द बोलायचे होते, पण बस चुकली असती.

दुपारी पुन्हा खोकी भरायला उभ्या राहिलो. बुटांना चिकटलेली माती उबेने सुटून जमिनीवर पडत होती. झाडू समोरच भिंतीला टेकवलेला होता. आम्हा दोघींपैकी कोणीच तो घ्यायला गेलं नाही.